जोडीदाराची खूण

रविवार, ३ तारीख

आले एकदाची. खोली झक्क आहे. वरचा मजला, खिडकीतून समुद्राची निळी पट्टी दिसते, पलंग करकरतो पण गादी टणक आहे, आणि माझ्या कंबरेला टणक गादीच मानवते. घरमालकीण जिन्याखालच्या खोलीत राहते. तिला ऐकू कमी येतं आणि बोलायला जास्त लागतं. सामान वर आणेपर्यंत तिने माझं वय, माझं गुडघेदुखीचं औषध आणि माझं इथे येण्याचं कारण, तिन्ही गोष्टी काढून घेतल्या. पाण्याखाली पोहायचा कोर्स करणार म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारला. या वयात हे खूळ कुठून शिरलं म्हणाली. मी म्हटलं, सगळा जन्म शाळेच्या तलावावर पोरींना पोहायला शिकवण्यात गेला, पाण्याची वरची बाजू पाहून झाली, आता खालची बघून घेते. ती खूप हसली. मीही हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे लपवाछपवी कशाला? मी स्कूबा शिकायला आले हे खरं. शिकवणाऱ्याला पाण्याखाली ठेवून परत जायचं आहे, हेही तितकंच खरं.

माझी टिटवी इथेच गेली. जन्मली तेव्हापासून घर डोक्यावर घ्यायची, म्हणून टिटवी. गेल्या वर्षी ती आणि जावई, दोघं हाच कोर्स करायला हौसेने आले. शेवटच्या दिवशी खोल पाण्यात उतरले, बाकी सगळे वर आले, ती आली नाही. जावई सांगतात, शिकवणारा चौकशीत म्हणाला, घाबरली असावी. माझी पोर? पाण्यात? जिला नीट चालता येण्याआधी मी पाण्यात सोडलं होतं ती?

तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता. तिला घरी आणलं ते जावईबापूंनी. मी त्या माणसाला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो काहीतरी सांगायला बघत होता, मी फोन आपटला. म्हणजे त्याला माझा आवाज माहीत आहे, चेहरा नाही. म्हणून नाव माहेरचं लावलं आहे आणि बोलणं हळू ठेवलं आहे. जावईबापू म्हणालेच होते, आई, चौकशीतून काही निघायचं नाही, त्याला शिक्षा पाण्यानेच व्हायला हवी. कोर्सच्या तारखाही त्यांनीच शोधून दिल्या. भला माणूस. बायको गेल्यावर सासूला कोण विचारतं?

सोमवार, ४ तारीख

त्याला पाहिलं. उंच, लुकडा, मान पुढे काढून चालतो. मी त्याचं नाव बगळा ठेवलं. बगळाही असाच पाण्यात साधूसारखा उभा असतो.

आम्ही चौघं विद्यार्थी. एक दातांचे डॉक्टर, त्यांचं तोंड दिवसभर बंद होत नाही, बहुधा पेशंटच्या तोंडाचा सूड उगवतात. आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं, ते वर्गातही हात सोडत नाहीत. आज सगळं सामान हाताळायला दिलं. पाठीवरचं सिलिंडर, त्याच्या डोक्यावरचा हवेचा कॉक, तोंडात धरायची नळी, आणि दुसऱ्याला द्यायला लागली तर असावी म्हणून एक जादा नळी. रबरी पोशाख अंगावर चढवताना मी आणि डॉक्टर दोघंही घामाघूम झालो. ते म्हणाले, काकू, अक्कलदाढ काढणं याहून सोपं.

बगळ्याने पहिला नियम सांगितला. पाण्याखाली कोणी एकटं जायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. जोडीदाराचं सामान आपण तपासायचं, आपलं त्याने. त्याच्यापासून लांब जायचं नाही आणि त्याला खाली सोडून वर यायचं नाही. हे तो सांगत होता! मी वहीत डोकं घालून बसले, नाहीतर तिथेच तोंडातून निघालं असतं.

जोडप्याची जोडी तर लागलेलीच होती. डॉक्टरांना एक मदतनीस मिळाला. उरले मी. बगळा म्हणाला, काकू, तुमचा जोडीदार मी.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

बुधवार, ६ तारीख

सरावाचा टँक इमारतीच्या मागे आहे. निळ्या फरशीचा, एका टोकाला उथळ, दुसऱ्या टोकाला तीन पुरुष खोल. भर दुपार, वरून ऊन पाण्यात थेट तळापर्यंत उतरलेलं.

पाण्याखाली पहिला श्वास घेतला आणि अंगावर शहारा आला. इतकी वर्षं पोरींना श्वास धरायला शिकवला आणि इथे श्वास सोडत राहायचं! बुडबुड्यांचा आवाज कानात भरून राहतो, बाकी जग गप्प. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर काढायचं होतं. मला पहिल्या फटक्यात जमलं. बगळ्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, म्हणजे ठीक.

मास्क स्वच्छ झाला तेव्हा खोल टोकाला ती उभी होती.

रबरी पोशाख अंगात, मास्क नाही, डोळे उघडे, केस वर तरंगत होते. टिटवी. मी भ्याले नाही, हे इथे शपथेवर लिहिते. आपल्या पोरीला कोण भितं? तिच्या तोंडातून बुडबुडे येत नव्हते एवढंच. तिने माझ्याकडे पाहिलं, बगळ्याकडे पाहिलं, आणि आडवा हात स्वतःच्या गळ्यावरून सुरीसारखा फिरवला.

वर आले तर बगळा विचारत होता, काकू, मास्कमध्ये इतकं पाणी कसं आलं? मी म्हटलं, बाहेरचं नाही, डोळ्यांतलं आहे, झोंबतंय जरा.

लेकीने हुकूम दिला. आता मागे वळणं नाही.

गुरुवार, ७ तारीख

आज वर्गात खुणा शिकवल्या. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून सगळं हातांनी. अंगठा वर म्हणजे वर चला. दोन तर्जन्या शेजारी शेजारी धरल्या की जोडीदार. आणि गळ्यावरून आडवा हात म्हणजे हवा संपली.

मी दोनदा विचारून घेतलं. गळा काप असा त्याचा अर्थ नाहीच. हवा संपली.

म्हणजे ती हुकूम देत नव्हती. झालं काय ते सांगत होती. माझी हवा संपली, आई, आणि हा मला सोडून गेला. हुकूम नसला तरी काय बिघडलं? आईला हुकूम लागतो?

शनिवार, ९ तारीख

समुद्रात पहिल्यांदा उतरलो. होडीवाला तोच आहे, गेल्या वर्षीचा. विडी ओढत एका हाताने सुकाणू धरतो आणि पाण्याकडे बघत नाही. खाली वाळू, काळा खडक, खडकाच्या पोटात कपारी.

ती कपारीशी होती. या वेळी जवळ. ओठ निळे, उजव्या गालावर ओरखडा, तो घरी आणली तेव्हाही होता. दोन तर्जन्या शेजारी धरल्या. मग गळ्यावरून हात. मग एक तर्जनी तशीच ठेवून दुसरी वर, वर, वर नेली.

जोडीदार. हवा संपली. वर गेला.

कळलं गं बाई, कळलं. बगळा माझ्या मागेच तरंगत होता. त्याने तिकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली. त्यालाही दिसते! मग हा रोज पाण्यात उतरतो तरी कसा?

संध्याकाळी जावईबापूंचा फोन. काम कुठवर आलं विचारलं. मी सांगून टाकलं की टिटवी दिसते, खुणा करते. मग कोणत्या खुणा, ते नेमकं विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, आई, लांबण लावू नका, लवकर उरका. आवाज कापत होता. बिचारे.

सोमवार, ११ तारीख

लेखी परीक्षा झाली. वर्गात बाकं लांब लांब ठेवली होती, जोडप्याला पहिल्यांदाच हात सोडावे लागले. प्रश्न सोपे. किती खोलीवर हवेचं किती आकारमान होतं, वर येताना श्वास का रोखायचा नाही, कान दुखला तर काय करायचं. डॉक्टर दर दोन प्रश्नांनी उसासा टाकत होते. एक प्रश्न होता, जोडीदाराची हवा संपली तर तुम्ही काय कराल? मी शहाण्या मुलीसारखं लिहिलं, आपली जादा नळी त्याच्या तोंडात देईन, त्याचा हात धरीन आणि दोघं मिळून सावकाश वर येऊ.

पहिली आले. या वयात! बगळ्याने पेपर हातात देताना त्या उत्तराखाली बोट ठेवलं. म्हणाला, उत्तम लिहिलंय. मी म्हटलं, शिकवलंतच तसं.

उद्या खोल पाणी. उद्याच.

मंगळवार, १२ तारीख

लिहायला तीनदा बसले, तीनदा उठले.

होडीवर त्याचं सामान तपासायचं काम माझं. त्याने पाठ केली आणि उभा राहिला. मी कॉक फिरवला. पूर्ण बंद नाही. वर श्वास चालेल, खाली पुरणार नाही, इतकाच. माझं बोट कॉकवर होतं तेव्हा तो म्हणाला, झालं का काकू? मी म्हटलं, झालं.

खाली गेलो. खडकापाशी त्याने एकदम छाती धरली. हात मागे नेला, कॉकपर्यंत पोचेना. माझ्याकडे वळला आणि गळ्यावरून हात फिरवला.

मी मागे सरकले. माझी जादा नळी मुठीत घट्ट धरली आणि मागे सरकले. वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर होता.

तेवढ्यात ती कपारीतून आली. माझ्याकडे नाही. त्याच्याकडे. त्याच्या पाठीमागे गेली आणि तिने तो कॉक उघडला. माझ्या पोरीने!

मग वळून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिला नाहक मारलं होतं एकदा, तेव्हा अशी बघायची. दोन तर्जन्या माझ्या मास्कला टेकवल्या. गळ्यावरून हात. आणि मग स्वतःच्या तोंडातून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं केलं. पुन्हा. पुन्हा. मी डोळे मिटेपर्यंत.

बुधवार, १३ तारीख

सर स्वतः खोलीवर आले. बगळा म्हणवत नाही आता.

त्यांना टँकच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टँकमध्ये मी पोहले आणि त्यांनी ओळखलं. टिटवी डावा कोपर असाच उचलायची, अशी पोहणारी दुसरी कोणी त्यांनी पाहिली नव्हती. मी कशासाठी आले तेही त्यांना कळलं होतं. मी विचारलं, मग पाठ का केलीत माझ्याकडे? म्हणाले, त्या दिवशी मी बाकीच्या चौघांना घेऊन पुढे गेलो, मागे वळून पाहायला उशीर केला, तेवढा माझा गुन्हा आहे. तुम्ही काय ठरवता ते तुमच्यावर सोडलं होतं.

मग मी बाकीचं विचारलं. ते सगळं त्यांनी चौकशीत सांगितलं होतं, पण अपघात ठरवून प्रकरण मिटलं; फोनवर मलाही सांगू पाहिलं होतं, मीच ऐकून घेतलं नव्हतं. तिला शोधून वर काढलं ते सरांनी. दोनदा खाली गेले, कानाचा पडदा गेला. तिच्या सिलिंडरमध्ये निम्मी हवा शिल्लक होती. मास्क ओढून काढलेला, पोशाखाला अडकवलेली जादा नळी तुटलेली. आणि जावई वर आले तेव्हा त्यांचं सिलिंडर रिकामं होतं.

जोडीदार. हवा त्याची संपली. हिची हिसकावली. वर गेला.

त्यांच्यामागून मी दार लावलं. ज्याच्या ताटात मी स्वतःच्या हाताने वाढलं. ज्याला मी अहो-जाहो केलं. जो तिला घरी घेऊन आला आणि माझ्या गळ्यात पडून रडला.

गुरुवार, १४ तारीख

फोन केला. आवाज अगदी गोड ठेवला. म्हटलं, जावईबापू, शिकवणारा भलतंच बोलतो आहे, तुमच्या रिकाम्या सिलिंडरबद्दल पुन्हा तक्रार देणार म्हणतो. माझ्या एकटीने होत नाही. तुम्ही या, खालीच मिटवू.

उद्या येतात.

शुक्रवार, १५ तारीख

आले. घरमालकिणीला वाकून नमस्कार केला. ती हरखली, असा जावई सगळ्यांना मिळो म्हणाली. मला म्हणाले, आई, किती वाळलात. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चांगली रुंद पाठ आहे.

शनिवार, १६ तारीख

लिहून काढते. मग विसरेन.

होडीवाल्याला सांगितलं, आम्ही दोघं पास झालेले आहोत, सरांची गरज नाही. जावयाला सांगितलं, सर दुसऱ्या होडीतून आधीच खाली गेलेत. तो उतावीळ. माझ्या आधी पाण्यात.

खडक. कपार. सर नाहीत. तो इकडेतिकडे बघायला लागला.

मी त्याच्यासमोर गेले. गळ्यावरून हात फिरवला. माझी हवा संपली.

माझ्या सिलिंडरमध्ये भरपूर हवा होती. फक्त बघायचं होतं. त्याची जादा नळी त्याच्या छातीवर लोंबत होती, हात नुसता पुढे करायचा होता. देतो का. देवाशपथ, दिली असती तर मी—

त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. आणि वर निघाला.

तिने त्याचा एक पाय धरला. दुसरा मी. घरी धुतलेली चादर आम्ही दोघी अशीच पिळायचो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. तो फार वेळ धडपडला. मास्कमागचे डोळे केवढे झाले होते. ती हसली. मी पाहिलं, ती हसली.

मग ती त्याला कपारीत घेऊन गेली. मी सावकाश वर आले. होडीवाल्याला म्हटलं, चुकामूक झाली.

रविवार, १७ तारीख

मेल्यासारखी झोपले. सगळे शोधायला गेले आहेत, सरही. मला कोणी काही विचारलं नाही, नुसता चहा देतात. सरांनी मात्र नजर चुकवली.

दुपारी टँकमध्ये उतरले. टिटवी नाही. खोल टोकापर्यंत गेले, हाका मारल्यासारखे बुडबुडे सोडले. नाही. मोकळी झाली असेल. जाताना एकदा तरी वळून बघायचं, बाळा.

पस्तावा? नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा धरीन.

वर येताना कोणीतरी तळाशी फरशीवर आडवं होतं. रुंद पाठ. उन्हाची सावली असेल.

सोमवार, १८ तारीख

तो सापडत नाही. कपार रिकामी आहे, सर म्हणाले. फक्त त्याचा मास्क मिळाला.

तोंड धुवायला बेसिन भरलं. खाली वाकले तर पाण्याच्या आत— मी बूच ओढलं. पाणी जाईना. हात घालून भोक चाचपलं तर आतून कोणीतरी बोट—

छाती जड झाली आहे. डॉक्टर म्हणाले, दाताचं असतं तर सांगितलं असतं.

मंगळवार, १९ तारीख

श्वास पुरत नाही. खिडक्या सताड उघड्या तरी पुरत नाही. जिन्यावर ओले पाय उमटलेत, घरमालकीण सकाळपासून पुसते आहे, माझ्यावर करवादते आहे. मी बाहेर गेलेच नाही.

पाय मोठे आहेत. पुरुषाचे.

टिटवी, येतेस का गं—

बुधवार, २० तारीख. भर दुपार

सामान बांधलं. गाडी चारची. एवढं लिहिते आणि—

खाली दार वाजलं. घरमालकीण बोलते आहे कोणाशी तरी. आवाज किती आनंदी. म्हणते, अहो, कुठे होतात, सगळे शोधताहेत तुम्हाला! किती भिजलात हो! जा, वरच आहेत, तुमच्या सासूबाई वरच—

कडी लावली. पलंग ओढवत नाही, दम—

पायऱ्या चढतो आहे. थांबतो. चढतो.

दाराखालून पाणी. खारट वास. वही उचलून धरली आहे.

दार वाजवत नाही. नुसता आई म्हणतो. आई, हवा.

नाही देणार. ऐकलंस? तिची घेतलीस, माझी नाही. ये आत. ये, जावई आलास ना, ये. एकदा धरला होता पाय, पुन्हा ध